समुद्राचे पीक आणि किनाऱ्याचा धनी



शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती पावसाळ्यातली निसरडी पायरी, नाहीतर विहिरीचा हिरवा काठ. ते खरवडून टाकावे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. अशा वस्तूसाठी आपली एक संध्याकाळ मी मागून घेतली आहे, तेव्हा आरंभीच थोडे कारण सांगितले पाहिजे.

आपण सारेच नकळत समुद्राच्या शेवाळाचे गिऱ्हाईक आहोत. उन्हाळ्यात दूध थिजवून वड्या करण्यासाठी आपण जे चायना ग्रास आणतो ते गवत नव्हे. ते तांबड्या समुद्रशेवाळाचे सत्त्व आहे. आइस्क्रीम मऊ राहावे म्हणून त्यात घालतात तो एक पदार्थ, कवळीचे माप घेताना दंतवैद्य तोंडात दाबून धरतो तो लगदा, हे तपकिरी शेवाळापासून निघतात. आणि जखमेवर लावायचे आयोडीन जगाला प्रथम सापडले ते शेवाळाच्या राखेतच.

परंतु माझा आजचा विषय रसायनाचा नाही, इतिहासाचा आहे. शेतातले पीक कोणी पेरले, कोणी राखले, हे सांगता येते. म्हणून ते कोणाचे याबद्दल भांडणे झाली तरी निवाडा करायला काही आधार असतो. खडकावर आपोआप उगवणारे शेवाळ कोणीच पेरलेले नसते. मग ते कोणाचे? गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून कापणाऱ्याचे, ज्याच्या जमिनीला किनारा लागून आहे त्याचे, सरकारचे, की पैसे मोजून विकत घेणाऱ्याचे? तीन किनाऱ्यांनी या प्रश्नाची तीन निराळी उत्तरे दिली आणि त्या उत्तरांवर तिथल्या माणसांचे बरेवाईट ठरले. स्कॉटलंड, जपान आणि आपल्या तमिळनाडूतले मन्नारचे आखात, असे हे तीन किनारे. त्याच क्रमाने आपण जाऊ.

राखेचा धंदा

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये काच, साबण आणि तागाचे कापड यांचे कारखाने वाढत होते. या तिन्ही धंद्यांना सोडा लागे. आपल्याकडे परीट कपड्यांना सज्जीखार लावीत, त्याच जातीचा हा क्षार. तो मुख्यतः स्पेनहून येई. तिथल्या खाऱ्या जमिनीत उगवणारी झुडपे जाळून त्यांची राख करीत आणि तिला बॅरिला म्हणत. समुद्राचे तपकिरी शेवाळ जाळले तरी असाच क्षार मिळतो, हे फ्रान्स आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर ठाऊक होते. या राखेला केल्प म्हणत. आज केल्प म्हणजे ते शेवाळच असे आपण समजतो. त्या काळी केल्प म्हणजे राख.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी नावाची बेटे आहेत. त्यांतल्या स्ट्रॉन्से बेटावर जेम्स फे या जमीनदाराने १७२२ मध्ये हा धंदा सुरू केला. लोकांना तो मुळीच रुचला नाही. या धुराने मासे किनारा सोडून जातील, पिके करपतील, गुरे आजारी पडतील, अशी त्यांची समजूत होती. १७४२ मध्ये तिथे दंगे झाले, राख करणाऱ्यांची अवजारे मोडली, आणि दंगेखोरांवर खटले झाले. अडाणी लोक सुधारणेला विरोध करतातच, असे म्हणून हा प्रसंग पुष्कळदा हसण्यावारी नेला जातो. धुराबद्दलची त्यांची समजूत चुकीची असेल. पण हा धंदा आपल्या जीवनाची घडी विसकटणार, हे त्यांना जे जाणवले ते चुकीचे नव्हते. ते कसे, ते आता पाहू.

काम उन्हाळ्यातले. ओहोटीला खडक उघडे पडले की पुरुष, बायका, पोरे हातात दातेरी विळे घेऊन खाली उतरत. तिथला उन्हाळा म्हणजे आपला चैत्र-वैशाख नव्हे, पाणी बर्फासारखे. त्या पाण्यात तासन् तास उभे राहून शेवाळ कापायचे. कापलेल्या ढिगाभोवती हेदर नावाच्या रानझुडपाचा वळलेला दोर टाकीत. भरती आली की सारा ढीग तरंगू लागे आणि दोर ओढून तो किनाऱ्याला आणता येई. पुढे तो वाहून वरच्या गवतावर पसरायचा आणि शेतातल्या वैरणीप्रमाणे उलथापालथा करीत वाळवायचा. पाऊस आला तर क्षार धुऊन जाणार, म्हणून आभाळाकडे सारखे लक्ष. वाळलेले शेवाळ दगड लावलेल्या खड्ड्यात किंवा लांबट चरात थोडे थोडे घालून तासन् तास जाळीत. शेवटी ते वितळून रटरटू लागे. मग लांब लोखंडी दांड्यांनी ते घोटायचे. निवले म्हणजे त्याचा निळसर, दगडासारखा गठ्ठा होई. तो फोडून गलबतात भरला की तो चालला ग्लासगो, न्यूकॅसल किंवा लिव्हरपूलला. सुमारे २० टन ओले शेवाळ कापावे तेव्हा एक टन राख मिळे. ऐन भरात सबंध स्कॉटलंडची राख वर्षाला २०,००० टनांच्या घरात गेली, असे सांगतात. म्हणजे सुमारे ४ लाख टन ओले शेवाळ माणसांनी हातांनी कापले, पाठीवर किंवा घोड्यांवर वाहिले आणि जाळले.

या श्रमाचे मोल काय मिळत होते? नेपोलियनच्या युद्धांमुळे स्पेनची राख येणे दुरापास्त झाले आणि शेवाळाच्या राखेचा भाव चढत गेला. १८१० च्या सुमारास तो टनाला २० पौंडांपर्यंत पोचला. कापून, वाळवून, जाळून टनभर राख करणाऱ्या कुटुंबाला त्यांतले सुमारे ३ पौंड मिळत. वाहतूक आणि इतर खर्च वजा जाता उरलेले सारे जमीनदाराचे. कारण किनाऱ्यावरचे शेवाळ आपल्या मालकीचे आहे, असा जमीनदारांचा दावा होता आणि तो मोडून काढण्याची ताकद कुणातही नव्हती. कुळाने राख करायची ती जमीनदारासाठी. दुसऱ्या कुणाला ती विकायची नाही. आपल्याकडच्या कोकणातल्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. खोत या शब्दात किती गोष्टी येतात, हे खोती १९४९ च्या कायद्याने रद्द होण्यापूर्वी ज्यांच्या घरांनी पाहिले, त्यांना पुरते माहीत आहे.

पण जमीनदारांनी एवढ्यावर भागविले नाही. हेब्रिडीझ बेटांत पूर्वी गावकरी जमीन सामाईक रीतीने कसत. जमीनदारांनी ती मोडून तिचे लहान लहान तुकडे पाडले. त्यांना क्रॉफ्ट म्हणतात. तुकडा मुद्दाम इतका लहान ठेवायचा की त्यावर कुटुंबाचे पोट भरू नये आणि खंडही निघू नये. म्हणजे खंड फेडण्यासाठी तरी कुळाला पाण्यात उतरणे भाग पडावे. पूर्वी वाहून आलेले शेवाळ शेताला खत म्हणून घालीत. आता ते राखेसाठी हवे होते, म्हणून काही जहागिऱ्यांत खतासाठी नेण्यावर बंदी आली. ज्या तुकड्यावर धान्य पिकेना तिथे बटाटा लावला. बटाटा थोड्या जागेत पुष्कळांना जगवितो. त्यामुळे तुकड्यांचेही तुकडे पडत गेले आणि माणसांची संख्या वाढली.

या जिण्याला कंटाळून लोक अमेरिकेला जाऊ लागले, तेव्हा जमीनदार घाबरले. मजूर गेले तर शेवाळ कोण कापणार? १८०३ मध्ये ब्रिटिश संसदेने प्रवासी जहाजांविषयी एक कायदा केला. जहाजांत किती माणसे घ्यावी, त्यांना अन्न किती द्यावे, याचे नियम त्यात होते. कायद्याची भाषा दयेची होती आणि जहाजांवरचे हाल खरेही होते. पण त्याच्या मागे स्कॉटलंडच्या जमीनदारांचा रेटा होता. प्रवासाचे भाडे वाढले आणि गरिबाचा बाहेर पडण्याचा रस्ता बंद झाला.

युद्ध १८१५ मध्ये संपले. स्पेनची राख पुन्हा येऊ लागली आणि १८२० नंतर तिच्यावरची जकात उतरली. मिठावरचा जबर कर त्याच सुमारास उठला. निकोला लेब्लां या फ्रेंच माणसाने १७९१ मध्येच साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती काढलेली होती. मीठ स्वस्त होताच लिव्हरपूलजवळ तिचे कारखाने उभे राहिले. शेवाळाच्या राखेचा भाव घसरत घसरत १८३० नंतर टनाला तीन-चार पौंडांवर आला. कारखानदाराने नवा माल धरला, जमीनदाराने नवा मार्ग धरला. मधल्या मध्ये अडकले ते कापणारे. त्यांच्याजवळ पोटापुरती जमीन नव्हती, दुसरा धंदा नव्हता, आणि डोक्यावर खंड मात्र पूर्वीचाच होता.

जमीनदारांचा नवा मार्ग होता मेंढ्यांचा. मेंढ्यांना मोकळे रान हवे, माणसांची गर्दी नको. ज्या माणसांना जाऊ नये म्हणून कायदा केला होता, त्यांनाच आता जा म्हणून सांगितले जाऊ लागले. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि उपासमार सुरू झाली. साउथ उइस्ट हे राखेचे एक मोठे बेट. क्लॅनरॅनल्ड घराण्याने राखेच्या उत्पन्नावर तिथे थाट केला. ते उत्पन्न आटताच बेट विकावे लागले आणि ते कर्नल जॉन गॉर्डन या धनिकाकडे गेले. १८५१ मध्ये या गॉर्डनने साउथ उइस्ट आणि शेजारच्या बारा या बेटांतून दीड हजारांहून अधिक माणसे जहाजांत घालून कॅनडाला रवाना केली. पुष्कळांना जबरदस्तीने जहाजावर चढविले, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर ती उतरली तेव्हा त्यांच्याजवळ काही नव्हते.

राखेला पुन्हा एकदा बरे दिवस आले ते आयोडीनमुळे. १८११ मध्ये पॅरिसचा बेर्नार कूर्त्वा तोफांच्या दारूसाठी सोरा तयार करीत होता. शेवाळाच्या राखेतून निघालेल्या द्रावात गंधकाम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ वर आली. थंड भांड्यावर तिचे काळसर स्फटिक झाले. तेच आयोडीन. जिनिव्हाच्या क्वांदे या वैद्याने १८२० मध्ये ते गलगंडावर दिले. पुढे जखमांसाठी आणि छायाचित्रणासाठीही त्याची मागणी वाढली. स्कॉटलंडच्या बेटांत पुन्हा खड्डे पेटले. पण दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात सोऱ्याबरोबर आयोडीन स्वस्तात मिळू लागले आणि हाही भाव कोसळला. १९३० नंतर ऑर्क्नीतले शेवटचे खड्डे विझले. कूर्त्वा स्वतः १८३८ मध्ये दारिद्र्यातच वारला.

यातला एकच धागा मी आपल्यापुढे ठेवतो. शेवाळ कधीच संपले नव्हते. खडकावर ते दर वर्षी उगवतच होते. संपली ती मागणी. आणि ती दूर कुठे तरी, संसदेत, स्पेनमध्ये, लिव्हरपूलच्या कारखान्यात, कापणाऱ्याला कळण्यापूर्वीच संपत होती. धंदे जन्मतात तसे मरतातही, हे मला मान्य आहे. परंतु धंदा मेला म्हणून माणसांना देशोधडीला जावे लागले नसते, जर पायाखालची जमीन आणि पुढचा किनारा त्यांचा असता. क्रॉफ्ट कसणाऱ्यांना जमिनीवर कायमचा हक्क आणि वाजवी खंड मिळाला तो १८८६ च्या कायद्याने. आणि ज्या साउथ उइस्टमधून माणसे हाकलली, ते बेट आसपासच्या बेटांसह, सुमारे ९३,००० एकर, तिथल्या रहिवाशांच्या संस्थेने २००६ मध्ये विकत घेतले. राखेचा भाव पडल्यापासून या गोष्टीला पावणेदोनशे वर्षे लागली.

जुगाऱ्याचे गवत

आता जपानकडे वळू. कारण तिथे हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने सुटला.

जपानी लोक नोरी नावाचे तांबडे शेवाळ खातात. भाताचे वळकट्यांसारखे पदार्थ ज्या काळसर पातळ कागदात गुंडाळतात, तीच ही नोरी. एदो, म्हणजे आजचे टोकियो, तिथल्या उपसागरात सतराव्या-अठराव्या शतकापासून कोळी उथळ पाण्यात झाडांच्या फांद्या आणि बांबू रोवीत. हिवाळ्याच्या तोंडाला त्यांवर नोरी धरे. ती खुडून, बारीक चिरून, कागद करतात त्या रीतीने चौकटीत ओतून वाळवीत.

परंतु या शेतीत एक मोठी अडचण होती. बी कुठून येते ते कुणालाच ठाऊक नव्हते. वसंतात नोरी दिसेनाशी होई. उन्हाळाभर ती कुठे असे? शरदात ती पुन्हा कशी येई? आली तर घर भरले, न आली तर कर्ज. म्हणून लोक तिला जुगाऱ्याचे गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत वादळे आणि बिघडलेले किनारे यांमुळे हे पीक लागोपाठ बुडाले आणि कोळीवाडे हवालदिल झाले.

याचे उत्तर आले इंग्लंडहून. मँचेस्टर विद्यापीठात कॅथलीन ड्र्यू या विदुषी शेवाळांचा अभ्यास करीत. १९२८ मध्ये त्यांनी लग्न केले. विवाहित स्त्रीला नोकरीत ठेवायचे नाही, असा त्या वेळी विद्यापीठाचा नियम होता. त्यांची पगाराची जागा गेली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. वेल्सच्या किनाऱ्यावर नोरीचीच एक बहीण उगवते आणि तिथले लोकही ती खातात. ड्र्यूबाईंनी तिची बीजे टाकीतल्या पाण्यात शिंपल्यांवर वाढविली, तेव्हा त्यांना असे दिसले की ती शिंपल्याच्या आत शिरतात आणि गुलाबी धाग्यांसारखी वाढतात. हे धागे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होते; पण ती एक स्वतंत्र वनस्पती आहे असे समजून तिला निराळे नावही दिलेले होते. नोरी उन्हाळ्यात कुठे जाते, याचे उत्तर हे होते. ती शिंपल्यात राहते. १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हे छोट्याशा टिपणात प्रसिद्ध केले.

क्यूशू विद्यापीठाचे सेगावा यांनी ही गोष्ट जपानी नोरीवर पडताळून पाहिली. कुमामोतोच्या संशोधकांनी उन्हाळ्यात टाक्यांतल्या शिंपल्यांवर बी वाढवून शरदात ते जाळ्यांवर धरण्याची रीत बसविली. काही वर्षांत जुगार संपला आणि शेती सुरू झाली. ड्र्यूबाई जपानला कधी गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्या वारल्या. १९६३ मध्ये कुमामोतोजवळच्या उतो येथे नोरी पिकविणाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांचे स्मारक उभारले. दर वर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांचे स्मरण करतात.

ही गोष्ट सांगणारे सहसा इथेच थांबतात. आपण आणखी एक पाऊल पुढे जाऊ. शिंपल्याचे रहस्य कळल्यावर मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांनी सारा उपसागर का घेतला नाही? त्याचे कारण, ज्या वर्षी ते टिपण प्रसिद्ध झाले त्याच १९४९ मध्ये जपानने मत्स्यव्यवसायाचा नवा कायदा केला होता. किनाऱ्यालगतच्या पाण्यात मासे, शिंपले, शेवाळ घेण्याचा हक्क त्याने मुख्यतः तिथल्या कोळ्यांच्या सहकारी संघांना दिला. कुठल्या घराने कुठे आणि किती जाळी लावायची ते संघ ठरवी. वाळलेल्या नोरीची प्रतवारी करून विक्रीही संघामार्फत एकत्र लिलावात होई. म्हणून नवे ज्ञान आले तेव्हा त्याचा लाभ आधी कोळ्याच्या घरात गेला. ज्ञान तेच, शेवाळ तेच. हक्क मात्र स्कॉटलंडच्या उलट होता.

जपानात सारे आलबेल आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९७ मध्ये सरकारने आरिआके समुद्राला लागून असलेली इसाहाया खाडी शेतजमिनीसाठी बांध घालून बंद केली. २०००-०१ च्या हिवाळ्यात त्या समुद्रात नोरीचे पीक फार वाईट आले. बांधामुळेच असे झाले, असे म्हणत कोळी नावा घेऊन निदर्शनास गेले, आणि बांधाची दारे उघडण्याचा तंटा वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. घरातल्या पाण्यावर हक्क असला तरी शेजारच्या पाण्याचे काय होते, यावरही पीक अवलंबून असते, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

चायना ग्रासचा प्रवास

जपानची दुसरी एक वस्तू आपल्याला थेट भारताच्या किनाऱ्यावर आणते. तांबड्या शेवाळाच्या काही जाती उकळल्या की त्यांचा रस थंड होऊन थिजतो. सतराव्या शतकात क्योटोजवळच्या एका खानावळवाल्याने असा उरलेला पदार्थ हिवाळ्याच्या रात्री बाहेर टाकला. तो गोठला, दिवसा वितळला, वाळला, आणि पुन्हा उकळताच पूर्वीसारखा थिजला, अशी कथा सांगतात. यालाच मलाई भाषेत अगार म्हणतात आणि आपण चायना ग्रास म्हणतो.

हे अगार स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत नेले एका गृहिणीने. १८८१ मध्ये जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर जंतूंवर काम करीत. जंतू वाढवायचे ते जिलेटिनवर. पण उन्हाळ्यात जिलेटिन वितळून जाई. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे मुरंब्यासाठी अगार वापरीत. जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळले होते. तेच वापरून पाहा, असे त्यांनी सुचविले. तेव्हापासून आजतागायत जगातल्या प्रयोगशाळांत जंतू अगारवर वाढवितात.

हे अगार बहुतेक सारे जपानहून येई. दुसऱ्या महायुद्धात ते बंद झाले आणि देशोदेशी शोध सुरू झाला. भारतातही दक्षिण किनाऱ्यावरच्या शेवाळापासून अगार काढण्याचे प्रयोग त्याच दिवसांतले. १९४७ मध्ये समुद्री मत्स्यसंशोधनाची मध्यवर्ती संस्था निघाली. १९५४ मध्ये भावनगरला मीठ आणि समुद्री रसायनांची संस्था निघाली. १९६० नंतर रामेश्वरच्या आसपास धंदा उभा राहिला आणि मदुराईकडे अगारचे लहान लहान कारखाने निघाले.

बारा दिवसांचा नेम

मन्नारच्या आखातात शेवाळ काढतात ते मुख्यतः बायका. पांबनजवळच्या चिन्नपालमसारख्या गावांतून त्या नावेने बेटांकडे जातात. लुगड्यावर पुरुषी सदरा, डोळ्यांना पाण्यातला चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कमरेला जाळीची पिशवी. श्वासाचे यंत्र वगैरे काही नाही. छातीत हवा भरायची, बुडी मारायची, खडकावरचे शेवाळ हाताने उपटायचे आणि वर यायचे. चिंध्या असूनही बोटे कापतात. हाती आलेला माल वाळवून दलालाला द्यायचा. दलालाची उचल आधीच अंगावर असते, म्हणून भाव तो सांगेल तो. वाचकहो, दोनशे वर्षांपूर्वीची हेब्रिडीझची बाई आणि ही बाई यांच्यात पाण्याच्या उबेपलीकडे फार अंतर नाही.

एक फरक मात्र आहे आणि तो महत्त्वाचा आहे. १९८६ मध्ये या आखातातली २१ बेटे आणि भोवतालचे पाणी राष्ट्रीय सागरी उद्यान म्हणून राखून ठेवले गेले. प्रवाळ आणि तिथले इतर जीव वाचले पाहिजेत, हे योग्यच होते. पण वर्षानुवर्षे त्या पाण्यात बुड्या मारणाऱ्या बायका एका कागदाने अतिक्रमण करणाऱ्या ठरल्या. दंड, नावा अडविणे, माल जप्त होणे हे नेहमीचे झाले. स्कॉटलंडमध्ये जमीनदार माणसांना पाण्यात ढकलीत होता. इथे सरकार त्यांना पाण्याबाहेर काढू लागले. कापणाऱ्याला विचारायचे नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

या बायकांनी संघटना केली. नुसती ओरड न करता त्यांनी आपणच आपल्याला नियम घालून घेतले. महिन्यातले बाराच दिवस शेवाळ काढायचे, बाकीचे दिवस त्याला वाढू द्यायचे. लोखंडी खरवडणी वापरायची नाही. प्रवाळ तुटेल असे काही करायचे नाही. आपल्याला ओळखपत्रे मिळावीत, अशी मागणी त्यांनी केली. त्यांच्या पुढारी बाईंना २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीकॉलॉजी या संस्थेने पारितोषिक दिले. लोकांच्या हाती दिले की लोक ओरबाडून संपवितात, असे आपल्याला नेहमी सांगण्यात येते. ज्यांच्या हाती काहीच दिलेले नव्हते त्यांनी हा नेम पाळला, हे त्या म्हणण्याला उत्तर आहे.

याच किनाऱ्यावर दुसराही एक प्रयोग झाला. फिलिपीन्सकडची एक जोमदार जात भावनगरच्या संस्थेने आणून रुजविली आणि २००० नंतर एका बड्या शीतपेय कंपनीच्या आश्रयाने तिची लागवड सुरू झाली. बारा फुटी बांबूचा चौकोनी तराफा करायचा, दोरीला रोपे बांधायची आणि ४५ दिवसांनी पीक काढायचे. बचत गटांतल्या पुष्कळ बायकांना यातून रोख पैसा मिळाला, हे खरे आहे. परंतु २००८ मध्ये कुरुसडै बेटाजवळ ही परदेशी जात प्रवाळावर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी लिहिले. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर वाद घातला. त्याच वर्षी त्या कंपनीने हा धंदा दुसऱ्याच्या हवाली केला. २०१३ नंतर पाणी तापून पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि अनेक तराफे रिकामे राहिले. तराफा कंपनीचा नव्हता, बाईचा होता. म्हणून तोटाही मुख्यतः तिच्याच पदरी आला.

आपल्या किनाऱ्याचा प्रश्न

हे सारे आपल्या गावात सांगण्याचे कारण एवढेच की हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०२० मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये राखून ठेवलेले होते. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरही शेवाळ उगवते. तिथे लागवड व्हावी असे बोलले जाते, आणि का बोलू नये? आंब्याचा मोहोर गेला, मासळी कमी झाली, तर घराला दुसरा आधार हवाच. पावसाळ्यात खवळणाऱ्या आपल्या समुद्रात तराफे कसे टिकतील, कुठली जात लावावी, हे शास्त्रज्ञ आणि जाणते कोळी ठरवतील.

परंतु त्याहून आधीचा एक प्रश्न आहे आणि तो शास्त्रज्ञांनी सोडविण्याचा नाही. शेताला सात-बारा असतो, समुद्राला नसतो. उद्या पाण्याचे पट्टे आखले गेले तर ते कोणाच्या नावावर होतील? आज त्या खडकांवर कालवे काढणाऱ्या बाईच्या, की भांडवल घेऊन येणाऱ्या परक्याच्या? माल घेणारा एकच असेल की दोन-चार? भाव पडला, पाणी तापले, तर तोटा कोणाच्या माथी? पोटापुरते दुसरे काही त्या घराजवळ शिल्लक ठेवले आहे का, की सारे घर एका दोरीला बांधले आहे? स्कॉटलंडमध्ये हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. जपानने त्यांतल्या काहींची उत्तरे कायद्यात आधीच लिहून ठेवली. मन्नारच्या बायकांनी कायद्याची वाट न पाहता आपल्या वाट्याचे उत्तर दिले; कायद्याचे उत्तर मात्र त्यांना अजून पुरते मिळालेले नाही.

आपण शहरगावची माणसे. आपल्यापैकी फार थोडे पाण्यात उतरतील. पण विकत घेणारे आपण आहोत आणि ज्यांच्या सह्यांनी पट्टे दिले जातात त्यांना निवडून देणारेही आपणच आहोत. ती वेळ येईल तेव्हा हा धंदा किती कोटींचा, एवढेच विचारून थांबू नये. किनारा कोणाचा, हेही विचारावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.